अडतीस पावलं

भोरच्या एसटी स्टँडामागे माझ्या दोन खोल्या आहेत. बाहेर फिजिओथेरपीची पाटी आहे, पण ती वाचून कुणी आत आल्याचं मला आठवत नाही. लोक येतात, बाकावर बसतात आणि पिशवीतून तेलाची बाटली काढून पुढे करतात. पंचक्रोशीत मला मालीशवाली बाई म्हणतात. सुरुवातीला मी भांडायचे, आता बाटली परत पिशवीत ठेवायला सांगते आणि माणसाला उभं करते.

मंगळवारी आणि शनिवारी मी स्कूटीवरून वेल्ह्याला जाते. ज्यांना घराबाहेर पडता येत नाही, त्यांच्या घरी वाटेत थांबते. यातली बहुतेक खुबा मोडलेली म्हातारी माणसं. ऑपरेशन पुण्यात नीट होतं, टाके वेळेवर सुकतात, आणि मग माणूस घरी येऊन पडून राहतो तो कायमचाच, कारण घरातला प्रत्येक जण आणि बिस्किटचा पुडा घेऊन भेटायला येणारा प्रत्येक पाहुणा त्याला मायेने सांगतो की उठू नका. या मायेचा मला भयंकर राग आहे. तिच्यामुळे अंथरुणात गेलेली माणसं मी किती पाहिली, ते आता मोजायचं सोडून दिलंय.

पालीच्या सगुणाबाईंना मात्र कुणी पडून राहा म्हटलं नव्हतं. त्यांचं जे झालं ते माझ्या हातून झालं. म्हणून हे लिहितेय.

सगुणाबाई बहात्तर वर्षांच्या. राजगडाच्या पायथ्याला पालीत त्यांचं घर. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, एकुलता मुलगा गोरख टेम्पो चालवतो आणि बायकोमुलांसह कामथडीला राहतो. घरात या एकट्या आणि एक शेळी. श्रावणात त्या शेळीचंच दावं पायात आलं आणि बाई दारातच पडल्या. पुण्यात नेऊन खुब्याचा अर्धा सांधा बदलला. घरी पाठवताना जो कागद दिला तो अख्खा इंग्रजीत. त्यातलं कामाचं एवढंच होतं की तीन महिने जमिनीवर बसायचं नाही, मांडी घालायची नाही, उकिडवं व्हायचं नाही, खाली वाकायचं नाही. तसं केलं तर नवा सांधा खोबणीतून निसटतो.

आता ज्या बाईने उभ्या जन्मात जेवण, निवडण, भांडी, गप्पा सगळं जमिनीवर बसून केलं, तिला हे तोंडी सांगून काय उपयोग. मी कोळसा घेतला आणि त्यांच्या खाटेसमोरच्या भिंतीवर चित्रं काढली. मांडी घातलेली बाई आणि तिच्यावर फुली. उकिडवी बाई आणि तिच्यावर फुली. माझी चित्रकला बघून सगुणाबाई बराच वेळ हसल्या. ही फुलीवाली माझ्या नणंदेसारखी दिसते, म्हणाल्या. मग खाटेच्या पायांखाली विटा घालून खाट उंच केली, पडवीत प्लॅस्टिकची खुर्ची ठेवली आणि तिच्यावर गोधडीची जाड घडी टाकली. सून शिवानी सासूजवळ राहायला आली होती. तिने एकदा सांगितलेलं दोनदा विचारलं नाही.

गोरख वाईट मुलगा नाही. त्याने मला पहिल्याच दिवशी बाजूला घेऊन सांगितलं, शिवानीला असं किती दिवस इथे ठेवणार, तिकडे पोरांची शाळा आहे, जेवणाचे हाल आहेत. दिवाळीपर्यंत बघू. तोवर आई स्वतःच्या पायाने संडासला जाऊन आली तर ती इथे राहील, शेजारी थोरले चुलते आहेत, लक्ष ठेवतील. नाही जमलं तर कामथडीला नेतो. यात चूक काढण्यासारखं काही नव्हतं. फक्त कामथडीची त्याची खोली दुसऱ्या मजल्यावर होती, आणि वर जायला बाहेरून लोखंडी जिना.

सगुणाबाईंनी तो जिना पाहिलेला होता. "येकदा वर नेलं, की म्या खाली येनार ती चौघांच्या खांद्यावरच," त्या म्हणाल्या. रडल्या वगैरे नाहीत. शेळीला पाला घातला का, असं विचारावं त्या सुरात म्हणाल्या.

संडास घरामागे होता. पडवीतल्या खुर्चीपासून अंगण ओलांडून, जांभळीला वळसा घालून. सगुणाबाईंच्या पावलांनी अडतीस पावलं. तोपर्यंत खाटेशेजारी भांड्याची खुर्ची होती आणि ते भांडं शिवानी उचलायची. ही गोष्ट बाईंना खुब्याच्या दुखण्यापेक्षा जास्त लागत होती. मी दर खेपेला त्या वॉकर घेऊन जिथवर पोचतील तिथे चुन्याच्या फक्कीची रेघ मारायचे. पहिल्या आठवड्यात चार पावलांवर, मग सहावर, मग नऊवर. नवाच्या रेघेवर आम्ही अडकलो. चालणं जमत होतं, पण खुर्चीतून उठणंच जमत नव्हतं. हात टेकवायच्या, अर्ध्या उठायच्या आणि भीतीने मागे कोसळायच्या. दोन आठवडे असे गेले. मी आवाज चढवला, गोड बोलले, एकदा चक्क त्यांच्यावर रुसले. उपयोग शून्य.

मग एका शनिवारी मी त्यांच्यासमोर उभी राहून पुन्हा तेच सांगत असताना अंगणाच्या टोकाला कुणीतरी खाकरलं. सगुणाबाईंनी डोक्यावर पदर ओढला आणि उभ्या राहिल्या. हात न टेकवता. मी तोंड उघडं ठेवून बघत राहिले. अंगणातून एक उंच, वाकलेले म्हातारे खाली मान घालून गेले, कोपऱ्यावरून वळले, आणि ते दिसेनासे झाल्यावर बाई परत बसल्या. आपण काय केलं याचा त्यांना पत्ताच नव्हता.

ते सोनबा, सगुणाबाईंचे थोरले दीर. वय चौऱ्याऐंशी. घर एकच, मध्ये भिंत घालून दोन झालेलं. शिवानीने समजावून सांगितलं की थोरल्या दिरासमोर सासूबाई बसत नाहीत. ते उभे असले की या उभ्या. ते खाली घोंगडीवर बसले तर या दाराआड जमिनीवर. त्यांच्याहून उंचावर पंचावन्न वर्षांत कधी नाही. तेही येताना खाकरून येतात, म्हणजे घरातल्या बाईला पदर सावरायला वेळ मिळावा. खरं तर मला हे सांगायची गरज नव्हती. माझी आजी भोरात, शिकलेल्या घरात, हेच करायची. मला सगळं माहीत होतं. ही माझी खरी लाज आहे.

त्या दिवशी मला दुसरं काही सुचलं नाही, फक्त आनंद झाला. वीस वर्षांत असं औषध मला मिळालं नव्हतं. मी तशीच भिंतीपलीकडे सोनबांकडे गेले आणि त्यांना म्हटलं, दिवसातून चार वेळा अंगणातून जायचं, खाकरत जायचं. आपण गेलो की तिला उगाच उठावं लागेल, आजारी बाईला असा त्रास कशाला, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, तिने उठावं म्हणूनच तुम्ही जायचं. ते त्यांना पटलं असं नाही, पण बरं म्हणाले.

आणि त्या माणसाने ते काम देवाची पूजा करावी तसं केलं. सकाळची वेल्ह्याची एसटी गेली की टोपी घालून, धुतलेला सदरा घालून पहिली फेरी. मग दहाच्या सुमारास, मग उन्हं कलल्यावर, मग दिवेलागणीच्या आधी. खाकरायचे, खुर्चीकडे न बघता अंगण ओलांडायचे, जांभळीपाशी क्षणभर थांबायचे आणि कोपऱ्यावरून वळायचे. सगुणाबाई त्यांचा सदरा दिसेनासा होईपर्यंत उभ्या. एकदा उभ्या राहिल्या की मग शिवानी त्यांना बसू द्यायची नाही, वॉकर पुढे सरकवायची. मी दोघांचीही चेष्टा करायचे. सोनबांना म्हणायचे, तुमची फी किती ते कळवा. ते हसायचे नाहीत. सगुणाबाई मात्र पदरात तोंड घालून हसायच्या.

दसऱ्याला रेघ एकोणीस पावलांवर गेली. दिवाळीच्या आधी सत्तावीसवर. दिवाळीत गोरख येऊन बघून गेला आणि त्याने आपणहून दोन आठवडे वाढवून दिले. त्यानंतरच्या मंगळवारी सगुणाबाई अडतीस पावलं चालल्या. मी हात न लावता शेजारून चालत होते. संडासच्या पत्र्याच्या दाराला त्यांनी तळहात लावला आणि नुसत्या उभ्या राहिल्या. "आता भांडं न्हाई उचलायचं," त्या शिवानीला म्हणाल्या. शिवानीच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं, ते लपवायचं कारण नाही.

येत्या रविवारी गोरख येणार होता. त्याच्यासमोर त्यांनी एकटीने जाऊन यायचं, असं ठरलं. मला वाटलं, पाय अजून थोडे बळकट व्हायला हवेत. मी भिंतीपलीकडे गेले आणि सोनबांना म्हटलं, आता रविवारपर्यंत चार नाही, सहा फेऱ्या. ते बरं म्हणाले.

जांभळीपाशी ते थांबायचे तेव्हा खोडाला हात लावून उभे राहायचे, हे मी पाहिलेलं होतं. भावजयीला उठायला वेळ देतायत, असा मी अर्थ लावला होता. त्यांना दम लागत होता. ज्या बाईची चाळीस मिनिटं मी नाडी बघायचे, तिच्या औषधाची नाडी मी एकदाही बघितली नाही. सांध्यासाठी भिंतीवर चित्रं काढून त्यांच्यावर फुल्या मारणारी मी, एका म्हातारीच्या औषधाची मात्रा खुशाल दीडपट केली आणि ते औषधही एक म्हातारा माणूसच आहे हे विसरून गेले.

शुक्रवारी जे झालं ते मला नंतर शिवानीने आणि सोनबांनी सांगितलं. भातकापणीचे दिवस होते. सगळी आळी रानात. इथे एकमेकांच्या शेतात सावडीने राबतात, त्यामुळे शिवानीलाही घरटी एक माणूस म्हणून जावं लागलं होतं. दोन तासांत येते म्हणून ती गेली. मोबाईल तिच्याबरोबर. सगुणाबाई खुर्चीत, वॉकर हाताशी.

सोनबा दुपारच्या फेरीला आले. ती त्यांची चौथी. खाकरले, बाई उभ्या राहिल्या. ते अंगणाच्या मध्यापर्यंत आले आणि त्यांना पुढे जाववेना. डोळ्यांपुढे अंधारी आली. ते पडवीच्या कडेला आले आणि जमिनीवर टेकले, खांबाला पाठ लावून, डोळे मिटून.

त्यांना फक्त चालायचं सांगितलेलं होतं. बसायचं नाही, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. भिंतीवरच्या माझ्या चित्रांत ते नव्हतं.

सगुणाबाई वॉकर धरून उभ्या राहिल्या. किती वेळ ते कुणाला माहीत नाही. पाय थरथरायला लागले असणार. मागे खुर्ची होती, गोधडीची घडी घालून मीच उंच केलेली. थोरले भाऊजी जमिनीवर आणि आपण खुर्चीत, हे त्यांच्याने होणार नव्हतं. आत निघून जावं तर म्हातारा माणूस धापा टाकतोय. मग त्यांनी खांब धरला आणि त्या हळूहळू खाली बसल्या. पाय दुमडून, पदर सावरून, नेहमी बसायच्या तशा.

सोनबांनी आवाज ऐकला. सुकं लाकूड मोडल्यासारखा, म्हणाले. त्यांनी डोळे उघडले तर भावजय एका कुशीवर पडलेली आणि तिचा पाय आत वळलेला.

धाकट्या भावाच्या बायकोला थोरला दीर हात लावत नाही. पंचावन्न वर्षांत त्यांनी तिच्या हातून पाण्याचा तांब्यासुद्धा घेतला नव्हता, ती खाली ठेवायची आणि ते उचलायचे. ते उठले, धडपडत कोपऱ्यापर्यंत गेले, हाका मारल्या. आळीत कुणी नव्हतं. रानापर्यंत जायची ताकद नव्हती. ते परत आले आणि अंगणात, तिच्याकडे पाठ करून बसले. शिवानी आली तोवर दीड तास झाला होता. सगळा वेळ ते तिच्याशी बोलत होते, शिवानी आता येईल, भात निम्मं झालं असंल, आता येईल. इतकं सलग ते तिच्याशी जन्मात बोलले नव्हते.

शनिवारी मी चुन्याची पुडी घेऊनच गेले होते. घराला कुलूप होतं. सोनबा आपल्या दारात बसलेले. त्यांनी मला सगळं सांगितलं, आणि शेवटी म्हणाले, "हात लावाया पायजे हुता. म्या न्हाई लावला." मी त्यांच्याशेजारी बसून राहिले. माझं चुकलं, असं मी म्हणायला हवं होतं. ते मी म्हटलं नाही, कारण म्हटलं असतं तर त्यांनी माझी समजूत घातली असती आणि ती मला सहन झाली नसती. निघताना फक्त त्यांची नाडी बघितली. आता बघून काय होतं.

पुण्यात भूल देऊन सांधा परत बसवला. पुन्हा निसटला तर मोठं ऑपरेशन लागेल आणि त्यांचं हृदय ते सोसणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. सहा आठवडे पट्टा बांधून अंथरुणात. सहा आठवड्यांत म्हाताऱ्या पायांचं काय होतं ते मला कुणी शिकवायला नको. गोरखने पालीचं घर बंद केलं, शेळी सोनबांच्या दावणीला बांधली आणि आईला कामथडीला नेलं. चौघांनी खुर्चीसकट उचलून लोखंडी जिन्याने दुसऱ्या मजल्यावर चढवलं. ती खुर्ची पडवीतलीच होती.

मी कामथडीला जात राहिले. पट्टा निघाला तेव्हा पाय काठीसारखे झाले होते. पाठीला जखम. सगुणाबाई माझं सगळं ऐकायच्या, हात उचला म्हटलं की हात उचलायच्या, पण उठून बसवलं की चक्कर यायची आणि उभं करायला गेलं की अंग आखडून लाकडाची मोळी व्हायची. भांडं शिवानीच उचलत होती. त्याबद्दल सगुणाबाई आता काही बोलत नव्हत्या. मला त्यांनी एकदाही दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं. मी येऊन काय साधतं, असं गोरखने मला एकदा अगदी शांतपणे विचारलं. तरी मी जात होते.

माघातल्या एका मंगळवारी मी त्यांचे घोटे हलवत बसले होते. दुपार होती, खाली रस्त्यावर माणसांची ये-जा. खिडकीखाली कुणीतरी खाकरलं.

मी ओळखलं, त्याआधी सगुणाबाईंनी ओळखलं. त्यांचा हात डोक्याकडे गेला आणि त्यांनी पदर ओढून घेतला. मग दोन्ही तळहात गादीवर टेकवले. खांदे बोटभर उचलले गेले आणि परत टेकले. पुन्हा उचलले, पुन्हा टेकले. मी काखेत हात घालायला गेले तर त्यांनी मान हलवली. पाय तर हललेही नाहीत.

मी खिडकीतून बघितलं. सोनबा रस्त्यावर उभे होते, धुतलेला सदरा, टोपी. पालीहून नसरापूरपर्यंत एसटीने आले असणार आणि तिथून देव जाणे कसे. जिना चढायचा प्रश्नच नव्हता. ते वर बघत नव्हते, अंगणातून जाताना बघायचे नाहीत तसेच. नुसते थांबले होते, जांभळीपाशी थांबावं तसे.

"त्यास्नी सांगा," सगुणाबाई म्हणाल्या, "उबी हाय म्हनावं."

मी वीस वर्षं माणसांना उभं करते आणि त्याबद्दल खोटं कधी बोललेले नाही. पेशंट चालला नाही तर चालला नाही असंच लिहिते. मी जिना उतरले आणि सोनबांना म्हटलं, "उभ्या आहेत."

"व्हय?" ते म्हणाले. मग त्यांनी टोपी नीट केली. त्यांना खरं वाटलं का, ते मला अजून कळलेलं नाही.

"बसा म्हनावं तिला आता," ते म्हणाले. "म्या चाललो."

ते नसरापूरच्या दिशेने चालायला लागले. सदरा वळणाआड जाईपर्यंत मी तिथे थांबले आणि मग वर आले. सगुणाबाई तशाच पडल्या होत्या, पदर कपाळापर्यंत, तळहात गादीवर टेकवलेले.

"आजी, ते गेले," मी म्हटलं. "बसा आता."

त्यांनी हात ढिले सोडले, पदर मागे सारला आणि डोळे मिटले.